भिंतीवर खिडक्या सारख्या अंतरावर कशा बसवायच्या (रेव्हिट, ऑटोकॅड, स्केचअप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये)

ड्रॉइंग करताना एका भिंतीवर चार खिडक्या टाकायच्या असतात, आपण अंदाजानं टाकतो, मग एकेक धरून डावीकडं-उजवीकडं सरकवत बसतो, जरा बरं दिसायला लागलं की क्लायंटचा फोन येतो, हॉल एक फूट वाढवा म्हणून, झालं, सगळा इस्कोट आणि परत पहिल्यापासून सुरू. खरं तर हे पाच-दहा मिनिटांचं काम आहे, फक्त सॉफ्टवेअरला हात लावायच्या आधी एक गोष्ट ठरवावी लागते. नक्की काय सारखं करायचंय? ते सॉफ्टवेअर ठरवत नाही, तुम्ही ठरवायचं.

समजा कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला एक बंगला आहे, हॉलची पश्चिमेची भिंत आतून ९००० मिमी, म्हणजे साधारण साडेएकोणतीस फूट, आणि तिच्यावर १२०० मिमी रुंदीच्या चार खिडक्या बसवायच्यात. आता "सारखं अंतर" याचे तीन अर्थ निघतात.

पहिला, मोकळी भिंत सगळीकडं सारखी. भिंतीच्या लांबीतून सगळ्या खिडक्यांची रुंदी वजा करायची आणि खिडक्यांपेक्षा एक जास्त अशा आकड्यानं भागायचं. ९००० वजा ४८००, उरले ४२००, भागिले ५, म्हणजे ८४०. कोपऱ्यापासून पहिल्या खिडकीपर्यंत ८४०, दोन खिडक्यांच्या मध्ये ८४०, शेवटी परत ८४०.

दुसरा, सेंटर सारखे. ९००० भागिले ५ म्हणजे दर १८०० वर खिडकीचं सेंटर. ऐकायला बरोबर वाटतं, पण काढून बघा, कोपऱ्याशी १२०० भिंत उरते आणि खिडक्यांच्या मध्ये ६०० च. टोकाला बरोबर दुप्पट. खिडक्या मधे गोळा होऊन बसल्यासारख्या दिसतात. बहुतेक जण नकळत हेच करतात कारण सॉफ्टवेअरचं बटण दाबलं की हेच मिळतं.

तिसरा, टोकाला निम्मं अंतर. भिंतीचे चार सारखे भाग करायचे, २२५० चे, आणि प्रत्येक भागाच्या मधोमध एक खिडकी. मग मध्ये १०५० आणि टोकाला ५२५. अपार्टमेंटमध्ये शेजारच्या फ्लॅटची भिंत त्याच रेषेत पुढं जाते तिथं हे लय भारी बसतं, कारण दोन टोकांची ५२५ मिळून परत १०५० होतात आणि बाहेरून ताल तुटत नाही (मधल्या पार्टिशनची जाडी धरून, तेवढा फरक राहतोच). सुट्ट्या बंगल्याला मात्र मी डोळे झाकून पहिला प्रकार घेईन.

अजून एक गोष्ट लगेच ठरवा, लांबी आतून मोजायची का बाहेरून. बाहेरची भिंत २३० मिमी जाडीची असेल तर तीच ९००० ची भिंत बाहेरून ९४६० होते. आतून सारखं केलं तर बाहेर टोकाला ८४० अधिक २३०, म्हणजे १०७० दिसणार. रस्त्याकडची बाजू असेल, एलिव्हेशन (बाहेरून समोर दिसणारी बाजू) महत्त्वाचं असेल, तर ९४६० धरून गणित करा, गॅप ९३२ येतो आणि आत कोपऱ्यात ७०२ उरतात. दोन्हीकडून सारखं होत नसतंय, उगाच त्यात वेळ घालवू नका. खाली सगळीकडं आतलं माप धरलंय.

आता अर्ध्या खिडकीची युक्ती, कारण पुढचं सगळं तिच्यावरच चालतं. सॉफ्टवेअरला सेंटर सारखे करता येतात, मधली मोकळी भिंत सारखी करायला ते कुरकुर करतंय. मग काय करायचं, भिंत दोन्ही टोकांना अर्ध्या खिडकीनं वाढलीय असं समजायचं. म्हणजे इथं ६०० इकडं आणि ६०० तिकडं. ९००० अधिक १२०० म्हणजे १०२००, भागिले ५, सेंटर ते सेंटर २०४०. त्यातून खिडकीची रुंदी १२०० काढा, राहिले ८४०. आलं का बरोबर? म्हणजे सेंटर सारखे करूनच गॅप सारखे मिळाले, वेगळं काही करावं लागलं नाही.

रेव्हिटमध्ये कसं करायचं

फ्लोअर प्लॅन उघडा. डब्ल्यू एन टाइप केलं की विंडो टूल येतं, खिडकीचा प्रकार (टाइप) निवडून चार खिडक्या भिंतीवर अंदाजानं टाका, अंतराची काळजी आत्ता नको. मग आर पी टाइप करून रेफरन्स प्लेन (माप धरायची मदतीची रेघ) काढा, दोन्ही टोकांच्या आडव्या भिंतींच्या आतल्या फेसपासून (पृष्ठभागापासून) बाहेरच्या दिशेला ६०० वर एकेक. तो प्लेन भिंतीच्या बाहेर हवेत लोंबकळल्यासारखा दिसतो, दिसू दे. प्रत्येक प्लेन आणि भिंतीचा फेस यात डायमेन्शन (मापाची रेघ) द्या आणि त्यावर येणारं कुलूप बंद करा, म्हणजे भिंत हलली की प्लेन तिच्याबरोबर हलेल.

मग डी आय, अलाइन्ड डायमेन्शन. आधी डावीकडचा प्लेन क्लिक करा, मग पहिल्या खिडकीचं सेंटर, दुसरीचं, तिसरीचं, चौथीचं, शेवटी उजवीकडचा प्लेन, आणि मोकळ्या जागेत क्लिक. सगळं एकाच डायमेन्शनच्या माळेत आलं पाहिजे, तुकड्या तुकड्यात दिलं तर पुढचं बटण मिळत नाही. सेंटर पकडताना माऊस खिडकीच्या कडेला चिकटत असेल तर क्लिक करू नका, टॅब दाबत राहा, पकडलेली रेघ बदलत जाते, मधली निळी झाली की क्लिक. भिंतीच्या फेसचंही तसंच, बऱ्याचदा तो भिंतीची सेंटरलाइन पकडतो आणि आपलं लक्ष नसतं, मग ११५ चा फरक कुठनं आला म्हणून डोकं खाजवत बसायचं.

डायमेन्शन बसलं की वर ईक्यू (इक्वल, म्हणजे सारखं) असं काट मारलेलं दिसेल. त्यावर एक क्लिक. काट जाते आणि चारी खिडक्या आपापल्या जागी सरकतात. झाल्यावर भिंतीची लांबी ९००० च आहे ना एवढं एकदा बघून घ्या.

आता गंमत बघा, एका टोकाची आडवी भिंत ३०० नं बाहेर ओढा. खिडक्या आपोआप पसरतात, सेंटर २१०० आणि गॅप बरोबर ९००. क्लायंटनं फूटभर वाढवा म्हटलं तरी टेन्शन घ्यायचं काम नाही. फक्त खिडकीचा टाइप बदलून १५०० चा केलात तर ते ६०० चं अंतर हातानं ७५० करावं लागतंय, ते आपोआप होत नाही.

खिडक्यांच्या कडा पकडून डायमेन्शन देऊन त्यावर ईक्यू दाबायचा मोह होतो, तो टाळा. त्या माळेत गॅप आणि खिडकीची रुंदी दोन्ही येतात, रेव्हिट ते सगळं एकसारखं करायला बघतो आणि एरर देतो.

ईक्यू लावलेलं डायमेन्शन नुसतं डिलीट मारलं तर बॉक्स येतो, त्यात ओके दाबलं तर डायमेन्शन जातं पण बंधन आतमध्ये तसंच राहतं, अनकन्स्ट्रेन दाबलं तरच सुटतं. महिन्याभरानं एखादी खिडकी हलवायला जाल आणि ती हलणारच नाही, तेव्हा हे आठवा आणि खालच्या पट्टीतलं रिव्हील कन्स्ट्रेंट्स चालू करून बघा. आणि प्रिंटच्या आधी डायमेन्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये इक्वालिटी डिस्प्ले व्हॅल्यूवर करा, नाहीतर ड्रॉइंगवर आकड्याच्या जागी नुसतं ईक्यू ईक्यू छापून येतं आणि साइटवर मिस्त्री विचारणार, साहेब हे किती?

अ‍ॅरे (एकाच वस्तूच्या ओळीनं कॉप्या करणाऱ्या) कमांडनंही होतं, पण त्यात खिडक्यांचा ग्रुप होतो आणि नंतर एकच बदलायची म्हटलं की त्रास. वापरायचाच असेल तर ग्रुप अँड असोसिएटची टिक काढा.

ऑटोकॅडमध्ये

कोल्हापुरातल्या कितीतरी ऑफिसात अजून सगळं ऑटोकॅडवरच चालतं, आणि इथं काम त्याहून सोपं आहे, फक्त इथं काही आपोआप बदलत नाही. भिंतीच्या आतल्या फेसवर एक लाइन काढा, ९००० ची. लेंग्थन कमांड, त्यात डेल्टा, ६००, आणि लाइनच्या दोन्ही टोकांजवळ एकेक क्लिक. लाइन १०२०० ची झाली. खिडकीचा ब्लॉक (परत परत वापरता येणारं एकसंध चित्र) करून ठेवा आणि त्याचा बेस पॉइंट (तो ज्या बिंदूवर बसतो तो) खिडकीच्या मधोमध घ्या. बेस पॉइंट कोपऱ्यात राहिला तर सगळ्या खिडक्या ६०० नं एका बाजूला सरकतात, आणि चारी एकदमच सरकल्यामुळं पटकन लक्षात येत नाही.

मग डिव्हाइड कमांड, लाइन सिलेक्ट, बी दाबून ब्लॉकचं नाव, अलाइनला होय, आणि भाग ५. चार खिडक्या जागेवर येतात कारण पाच भागांच्या मध्ये चारच खुणा पडतात, इथं खिडक्यांचा आकडा म्हणून ४ टाकणारे लय जण आहेत. शेवटी ती वाढवलेली लाइन पुसून टाका. टोकाला निम्मं अंतर हवं असेल तर लाइन वाढवायची नाही, ९००० चीच ठेवायची आणि ८ भाग करायचे, सात खुणा येतील, त्यातली पहिली, तिसरी, पाचवी, सातवी ठेवा आणि बाकीच्या उडवा.

स्केचअपमध्ये

पहिली खिडकी कोपऱ्यापासून ८४० वर बसवा, टेप मेझरनं गाइड काढून. ती सिलेक्ट करून मूव्ह, कंट्रोल एकदा दाबून कॉपी मोड, भिंतीच्या दिशेनं जरा ओढून २०४० टाइप करा, एंटर, आणि दुसरं काहीही न करता लगेच ३एक्स टाइप करून एंटर. आधीची एक आणि नवीन तीन, चार झाल्या. उलटं पण होतं, शेवटच्या जागेपर्यंत ६१२० ओढायचं आणि मग तिरकी रेघ मारून ३. मध्ये दुसरं टूल घेतलंत की ही सोय गेली. खिडकीचा कंपोनंट (स्केचअपमधला तयार तुकडा) भिंतीचा एकच फेस कापतो, आतल्या फेसला होल हातानं पाडावं लागतं.

वेगवेगळ्या मापाच्या खिडक्या असतील तर

तिथं अर्ध्या खिडकीची युक्ती चालत नाही. दोन १२०० च्या, एक १८०० ची आणि एक ६०० चं व्हेंटिलेटर असेल तर बेरीज परत ४८०० च येते, गॅप ८४० च, पण सेंटर ते सेंटर वेगवेगळं. मग सरळ कडेपासून कडेपर्यंत ८४० देत जायचं. रेव्हिटमध्ये टेम्पररी डायमेन्शनच्या सेटिंगमध्ये दारं-खिडक्यांना सेंटरलाइनऐवजी ओपनिंग्ज निवडलं की कडेचं माप थेट टाकता येतं, आणि आकड्याच्या जागी बरोबरचं चिन्ह देऊन सगळं गणितच लिहिलं तरी तो सोडवून घेतो.

कॉलम कुठं येतोय

आरसीसीचं (कॉलम-बीमचं) ड्रॉइंग हातात आल्याशिवाय हे फायनल करू नका. भिंतीच्या मधोमध २३० चा कॉलम असेल आणि खिडक्या चार, तर काही अडत नाही, तो मधल्या ८४० च्या गॅपमध्ये आरामात बसतो. तीन किंवा पाच खिडक्या असतील तर मधली बरोबर कॉलमवर येणार. म्हणून मध्ये कॉलम असेल तर खिडक्या समसंख्येत ठेवा, किंवा मग स्ट्रक्चरलवाल्याशी आधीच बोला. कॉलमच्या दोन्ही बाजूंचे वेगवेगळे भाग धरून आत सारखं करायला गेलात तर प्रत्येक भागात गॅप ६६२ च्या आसपास येतो आणि मधे कॉलम धरून दीड मीटरच्या वर भिंत दिसते, बाहेरून प्लास्टर झाल्यावर कॉलम कुणालाच दिसत नाही, नुसती मोकळी भिंत दिसते.

पश्चिमेची भिंत असेल तर आपल्याकडच्या पावसाचा पण विचार करा, जुलैत झड थेट आत येते. चार खिडक्यांना चार छज्जे करण्यापेक्षा लिंटेल लेव्हलला (खिडक्यांच्या वरच्या बीमच्या उंचीला) एकच सलग छज्जा बरा पडतो, सेंट्रिंगवाल्यालाही सोपं. आणि छज्ज्याची टोकं कोपऱ्यापर्यंत नेली तर टोकाचं अंतर थोडं कमी-जास्त असलं तरी डोळ्याला खुपत नाही.

साइटवर माप कसं द्यायचं

इथं सगळी मेहनत पाण्यात जाऊ शकते. गवंडी टेप लावतो फूट-इंच-सुतात (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). २०४० म्हणजे ६ फूट ८ इंच अडीच सूत. तो अडीच सूत सोडून देतो, ६ फूट ८ इंच धरतो, म्हणजे दर वेळी ८ मिमी कमी, आणि चौथ्या खिडकीपर्यंत २४ मिमी, जवळजवळ इंचभर सरकलं. म्हणून गॅप गॅप देऊ नका, एकाच कोपऱ्यापासून रनिंग डायमेन्शन (सगळी मापं एकाच जागेपासून) द्या, सेंटर १४४०, ३४८०, ५५२०, ७५६०. प्रत्येक माप त्याच एका खिळ्यापासून घेतलं की चूक साठत जात नाही. उलट बाजूनं तपासायला सांगा, शेवटच्या सेंटरपासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत परत १४४० च आलं पाहिजे.

आणि ड्रॉइंगवर लिहा की हे माप विटेच्या ओपनिंगचं आहे का फिनिशचं. ग्रॅनाईटची फ्रेम बसणार असेल तर दोन्ही बाजूला तिची जाडी आणि प्लास्टर धरून ओपनिंग मोठं ठेवावं लागतं. ते सेंटरपासून दोन्हीकडं सारखं वाढवलं तर खिडक्यांमधले गॅप थोडे कमी होतात पण आपसात एकसारखेच राहतात, बघा फक्त टोकाचा गॅप एकाच बाजूनं कमी होतो, दोन खिडक्यांमधला दोन्ही बाजूंनी, म्हणून टोकाचा जरा मोठा राहतो. उद्यमनगरात (कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात) ग्रिल आणि स्लायडिंगची ऑर्डर द्यायच्या आधी चारही ओपनिंग प्रत्यक्ष मोजून घ्या आणि सगळ्यात लहान निघेल त्या मापावर चारही खिडक्या एकसारख्या करायला सांगा.