ओपीडीत पेशंट का चिडतो? या चुका टाळा

पेशंट चिडला की स्टाफचं ठरलेलं उत्तर, गर्दी फार होती हो. गर्दी असते, नाही कोण म्हणतंय, पण तक्रार बघितली तर बऱ्याचदा 'डॉक्टरांनी माझं ऐकूनच घेतलं नाही' अशी असते.

मधेच तोडू नका. १९८४ मधे अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल या संशोधकांनी मोजलं तर डॉक्टर सरासरी १८ सेकंदात पेशंटला थांबवत होते. आपल्याकडे केसपेपर बघता बघताच 'किती दिवसांपासून?' सुरू होतं. पेशंट जळजळीपासून सुरुवात करतो आणि खरी भीती (शेजारच्याला अटॅक आला, मला तसलं काही नाही ना) दारापाशी गेल्यावर बाहेर काढतो. सुरुवातीलाच 'अजून काही?' विचारून घ्या.

सगळ्यात महागात पडतं ते 'समजलं ना?' विचारणं, कारण ह्याला सगळे हो म्हणतात. 'उद्या उपाशीपोटी या' सांगितलं की काका मान डोलावतात आणि सकाळी चहा घेऊन येतात, त्यांच्या हिशोबाने चहा म्हणजे खाणं नव्हेच, मग शुगर वाढलेली, टेस्ट परत, आणि काका मनात म्हणतात पैसे काढायचे धंदे. त्यापेक्षा 'रात्री जेवल्यावर फक्त पाणी, चहासुद्धा नाही' असं स्पष्ट सांगा आणि मग 'काका, उद्या उठल्यापासून काय काय करणार सांगा बघू, मी नीट सांगितलं की नाही ते बघतोय' असं विचारा. ह्याला टीच-बॅक म्हणतात, जेमतेम अर्धा मिनिट जातो. गोळ्यांचंही तेच, १-०-१ (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) लिहिलं म्हणजे कळलं असं नाही. बरं वाटलं म्हणून बीपीची गोळी बंद करणारे रोज भेटतात, बरं वाटलं तरी बंद करायची नाही हे त्यांना कुणी तोंडाने सांगितलेलंच नसतं.

सिरियस पेशंटची बातमी कॉरिडॉरमधे चालता चालता देऊ नका, नातेवाईकांना बसवा, स्वतःही बसा. आणि डॉक्टर एक, सिस्टर दुसरं, बिलिंगवाला तिसरंच बोलला की विश्वास गेलाच समजा.

एमबीबीएसला २०१९ पासून एटकॉममधे (वागणूक, नीतिमत्ता आणि संवाद यांचा अभ्यासक्रम) संवाद शिकवतात, चांगलंय, पण पेशंट पहिल्यांदा बोलतो तो रिसेप्शनशी. 'डॉक्टर ओटीत (ऑपरेशन थिएटरमधे) आहेत, तासभर लागेल, जेवून या' असं तिथल्या ताईने सांगायचं तर तिला आधी ओटीतून फोन यायला हवा, तो कुणी करायचा ते आजच ठरवून टाका.