कॉर्डलेस फोन सारखा दगा देतोय? या चुका टाळा

मुलं पुण्या-मुंबईला आणि आई-वडील सोलापुरात, अशा घरांत लँडलाइन अजून टिकून आहे. वयस्कर माणसाला मोबाइलपेक्षा हातात धरायला सोपा, मोठ्या बटणांचा कॉर्डलेस बरा वाटतो. म्हणूनच तो बोलता बोलता बंद पडला की नुसता वैताग येत नाही, काळजीही वाटते. अशा वेळी बहुतेक जण आधी लाइनची तक्रार नोंदवतात. माझं म्हणणं, आधी हँडसेटचं मागचं झाकण उघडा.

आत बहुधा १.२ व्होल्टचे दोन ‘ट्रिपल ए’ मापाचे रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल असतात. ते थकले की स्क्रीनवर बॅटरी फुल दिसते आणि पाच मिनिटं बोललं की टूं-टूं सुरू होतं. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून रिमोटचे सेल आणून टाकतात. ही सगळ्यात वाईट चूक. मापाने ते चपखल बसतात, पण ते १.५ व्होल्टचे असतात आणि चार्ज करण्यासाठी बनवलेले नसतात. बेसवर, म्हणजे हँडसेट ठेवायच्या चार्जिंगच्या स्टँडवर, ठेवले की तापतात, गळतात, कधी फुटतातही. सेलवर ‘रिचार्जेबल’ लिहिलंय ना, ते वाचूनच घ्या. दोन्ही एकदम, एकाच कंपनीचे बदला. एक जुना, एक नवा अशी काटकसर नको.

नवे सेल घालूनही चार्ज होत नसेल तर हँडसेट आणि बेस जिथे एकमेकांना टेकतात त्या धातूच्या पट्ट्या बघा. सोलापूरच्या साखर पेठ, अशोक चौक भागात घराला लागून यंत्रमाग असतात. सुताची बारीक तूस त्या पट्ट्यांवर बसते आणि हँडसेट नुसताच बेसवर पडून राहतो. प्लग काढा, कोरड्या फडक्याने पुसा, काळपटपणा असेल तर खोडरबर हलकेच फिरवा.

बेसची जागाही चुकते. टीव्हीमागे, फ्रिजवर किंवा लोखंडी कपाटाला चिकटून तो ठेवू नका. खोक्यावर ३०० मीटर रेंज लिहिलेली असते ती मोकळ्या मैदानातली. जुन्या वाड्याच्या जाड दगडी भिंतींत दोन खोल्या ओलांडल्या तरी खरखर सुरू होते. घराच्या मध्यावर, उंच फळीवर बेस ठेवा. पश्चिमेच्या खिडकीत तर नकोच, एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी पार करतो आणि उन्हाने सेल लवकर मरतात. तुमचा फोन २.४ गिगाहर्ट्झचा असेल तर वायफाय आणि मायक्रोवेव्ह त्याला त्रास देणारच, राउटरपासून लांब ठेवा. डेक्ट या डिजिटल कॉर्डलेस तंत्राचे फोन १.९ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात, त्यांना हा त्रास सहसा होत नाही.

दोष लाइनचा की फोनचा, हे कळायला साधा वायरचा फोन थेट सॉकेटला लावा. त्यातही खरखर आली तरच तक्रार करा.

हा वायरचा फोन मग अडगळीत टाकू नका. लाइट गेली की कॉर्डलेसचा बेस बंद, मग हँडसेट कितीही चार्ज असला तरी उपयोग शून्य. तांब्याच्या लाइनवर वायरच्या फोनला एक्स्चेंजकडूनच सुमारे ४८ व्होल्ट मिळतात, त्यामुळे तो अंधारातही वाजतो. घरात फायबर आलं असेल तर मात्र ही सोय राहत नाही. भिंतीवरचा फायबरचा डबा बंद पडला की फोनही बंद. तेव्हा इलेक्ट्रिशियनला सांगून तो डबा आणि फोनचा बेस दोन्ही इनव्हर्टरच्या लाइनवर घ्या, आणि मेन स्विच पाडून एकदा फोन लावून बघा.