आजोबांच्या बंदुकीचा विमा

अंबाजोगाईच्या आमच्या वाड्यात आजोबांची दुनळी बारा बोअरची बंदूक आहे, निजामाच्या काळातली. घराचा विमा होता, म्हणून मी निर्धास्त. शेजारी चोरी झाली तेव्हा पॉलिसी उघडली. टीव्ही, फ्रिज, कपाट सगळं होतं, बंदुकीचा पत्ताच नाही! एजंट म्हणाला, "भाऊ, सामानात धरलीच की." कागदावर कुठं, ते सांगेना.

मग नळीवरचा नंबर परवान्याशी ताडला. एक आकडा गंजात बुजलेला, रॉकेलच्या चिंधीनं घासल्यावर दिसला. शस्त्रविक्रेत्याकडून लेखी किंमत घेतली आणि नंबरासह वेगळी नोंद करवली. गंज विम्यात बसत नाही, तेल आपणच लावायचं. काकांच्या दोन बंदुकाही माझ्या नावावर घेणार होतो, पण शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर वारसानंही दोनच ठेवता येतात. एक आता चुलतभावाकडे जाईल.