एका तासाचा इलेक्ट्रो-हिपहॉप रेडिओ मिक्स घरी कसा करायचा

माझा भाऊ हळदीला वाजवतो. घणसोली, तळवली, गोठिवली, लग्नसराईत त्याला जेवायला फुरसत नसते. समोरची माणसं नाचतायत की नुसती उभी आहेत, हे त्याला दिसतं आणि त्यावर तो पुढचं गाणं ठरवतो. मी कोपरखैरण्यात आमच्या वरच्या खोलीत बसून जो मिक्स करते, म्हणजे गाणी एकात एक जोडत केलेला तासाभराचा कार्यक्रम, तो कुणीतरी एकटं ऐकणार असतं. भांडी घासताना, ऑफिसच्या कॅबमध्ये, नाहीतर ट्रान्स-हार्बरच्या गाडीत दाराशी उभं राहून. खाली जे सांगणार आहे ते सगळं या एका फरकातून निघालंय. नाचणाऱ्या गर्दीला एकच ठेका वीस मिनिटं चालतो, किंबहुना तोच हवा असतो. एकटं ऐकणारा चौथ्या मिनिटाला दुसरं काहीतरी लावतो.

सामानाबद्दल थोडक्यात. लॅपटॉप, दोन चॅनलचा साधा कंट्रोलर (गाणी जोडायचा बटणांचा बोर्ड), कान पूर्ण झाकणारा हेडफोन आणि एक माइक, बस्स. सॉफ्टवेअर कंट्रोलरसोबत येतंच. ते नको असेल तर मिक्स्क्स नावाचं फुकटातलं आहे आणि चांगलं आहे. मोठे स्पीकर घेण्याची घाई करू नका, सोसायटीत किंवा आमच्यासारख्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत ते रात्री लावता येणार नाहीतच. माइक मात्र डायनॅमिक घ्या. कंडेन्सर माइक दिसायला स्टुडिओवाला वाटतो, पण त्यात पंखा येतो, शेजारच्या कुकरची शिट्टी येते आणि खालून जाणारा भंगारवालासुद्धा येतो. डायनॅमिक माइक तोंडापासून चार बोटांवर धरला की यातलं बरंचसं बाहेर राहतं. पंखा तरी बंद करावाच लागतो. मे महिन्यात हे फार जड जातं.

गाणी विकत घ्या. बँडकँप या साइटवर घेतलं तर पैशांचा मोठा वाटा कलाकाराला जातो, आणि फाइल पूर्ण दर्जाची मिळते. व्हिडिओवरून उतरवलेल्या फाइलमध्ये वरचे सूर छाटलेले असतात. फोनवर ते कळत नाही, पण तीच फाइल मिक्समधून पुन्हा एमपीथ्री झाली की हाय-हॅट, म्हणजे ठेक्यातल्या झांजा, किरकिरायला लागतात. इलेक्ट्रोत, म्हणजे मशीनच्या ठेक्यावर चालणाऱ्या संगीतात, हाय-हॅट गेले तर उरतं काय?

आता निवड. हिपहॉप आणि इलेक्ट्रो ही दोन वेगळी कपाटं नाहीत, हे एकदा कानात बसलं की यादी आपोआप सुचते. 11 ऑगस्ट 1973 ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, 1520 सेजविक अव्हेन्यूच्या इमारतीत, कूल हर्क या डीजेनं बहिणीच्या पार्टीत वाजवलं, तिथून हिपहॉपची गोष्ट सांगतात. गाण्यातला फक्त ढोलाचा तुकडा, म्हणजे ब्रेक, दोन रेकॉर्डांवरून लांबवत न्यायचा, ही त्याची करामत. त्यानंतर 1982 मध्ये त्याच ब्राँक्सच्या आफ्रिका बंबाटा आणि सोलसोनिक फोर्सचं ‘प्लॅनेट रॉक’ आलं. निर्माता आर्थर बेकर, सुरावट क्राफ्टवर्क या जर्मन मंडळींकडून उचललेली, ठेका रोलंड कंपनीच्या टीआर-808 या ठेका वाजवणाऱ्या मशीनचा. माणसं तीच, गल्ल्या त्याच, फक्त ढोलजीच्या जागी मशीन. पुढच्याच वर्षी डेट्रॉइटहून सायबोट्रॉनचं ‘क्लिअर’ आलं, आणि हर्बी हॅनकॉकच्या ‘रॉकिट’मध्ये रेकॉर्ड घासण्याचा आवाज जगभर पोचला.

808 हे मशीन रोलंडनं 1980 ते 1983 एवढंच बनवलं. त्यातलं एक आपल्याकडेही वाजत होतं. 1982 मध्ये चरणजित सिंग या वादकांनी मुंबईत 808 आणि 303 (रोलंडचंच खर्जाचं मशीन) जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर रेकॉर्ड केले. तेव्हा कुणी विचारलं नाही. आज जगभरचे लोक तो रेकॉर्ड शोधत फिरतात. माझ्या मिक्समध्ये त्यातला एखादा तुकडा बहुतेक वेळा असतो, आणि त्याच्या ठेक्यावर मराठी रॅप टाकायची असेल तर मुंबईच्या स्वदेसी या रॅप गटाची. एका तासाला अठरा ते बावीस गाणी लागतात, म्हणजे एकेकाला अडीच-तीन मिनिटं. हळदीवाल्याला ही फार वाटतील, रेडिओला ठीक आहेत.

गाणी सॉफ्टवेअरमध्ये टाकली की ते ठेका मोजून ठोक्यांची जाळी आखतं. मशीनवर बनलेल्या गाण्यांवर ती जाळी नीट बसते. सत्तरच्या दशकातल्या फंकवर बसत नाही, कारण तिथे हाडामांसाचा ढोलजी आहे आणि तो रंगात आला की किंचित पुढे पळतो. अशा गाण्याला सिंक, म्हणजे वेग आपोआप जुळवायची सोय, बंद ठेवा आणि कानानं जुळवा. हेडफोनचा एक कान काढून, बोट जॉगव्हीलवर, म्हणजे कंट्रोलरच्या फिरत्या चकतीवर. वेळ लागतो, पण येतं.

आता खरी अडचण. हिपहॉप साधारण 85 ते 100 बीपीएममध्ये (मिनिटाला इतके बीट, म्हणजे ठोके) चालतं, इलेक्ट्रो 125 ते 135 मध्ये. पिच फेडर, म्हणजे गाण्याचा वेग कमी-जास्त करणारी पट्टी, दोन्हीकडे आठ टक्के सरकतो असं धरा. 96 चं गाणं ताणून ताणून 103 च्या पुढे जेमतेम जातं, 128 चं ओढून 118 च्या आसपास येतं. मधे चौदाची दरी उरते. बहुतेक जण इथे सायरन वाजवतात आणि उडी मारतात. गर्दीत ते खपतं. हेडफोनवाल्याच्या कानात सायरन वाजवणाऱ्याला मी माफ करत नाही.

यावर एक सुंदर गणित आहे. 96 ला चारनं गुणून तीननं भागा, 128 येतात. म्हणजे 96 च्या गाण्यातला पाऊण बीट आणि 128 च्या गाण्यातला अख्खा बीट वेळेनं अगदी सारखे. मग करायचं असं: हिपहॉपचं गाणं कडव्याच्या शेवटाला आलं की इको चालू करा, त्याची वेळ 3/4 बीटवर ठेवा. शेवटचा शब्द किंवा स्नेअरचा एक ठोसा इकोत जाऊ द्या आणि त्या गाण्याच्या आवाजाचा फेडर खाली घ्या. आता तो एकच ठोसा टप्प टप्प टप्प करत परत येतोय, आणि तो येतोय 128 च्या चालीनं, ऐकणाऱ्याच्या नकळत. तीन-चार टप्पे जाऊ द्या, त्यातल्या एकावर इलेक्ट्रोचा पहिला किक, म्हणजे खर्जातला ठोका, सोडा. ठेका बदलला हे कळतं, तुटला असं वाटत नाही. पाय आपोआप नव्या चालीवर पडतो.

यात दोन ठिकाणी घोळ होतो. फेडर खाली घेतल्यावरही इकोची शेपटी वाजत राहते का ते आधी तपासा. काही सेटिंगमध्ये फेडरबरोबर शेपटीही तुटते. तिथे फेडर वर ठेवून नुसता डेक, म्हणजे ते वाजणारं गाणं, थांबवायचा. दुसरं, इकोनं जुन्या गाण्याचाच वेग धरून ठेवला पाहिजे. नवं गाणं मास्टर, म्हणजे वेग ठरवणारं, झालं की काही सॉफ्टवेअर इकोला त्याच्या चालीवर नेतात आणि सगळं विस्कटतं. म्हणून या जागी सिंकला हात लावू नका. गाणं 96 चंच हवं असं नाही. 93 चं असेल तर पलीकडे 124 चं शोधा, 99 चं असेल तर 132 चं. मी तर माझ्या लायब्ररीत प्रत्येक हिपहॉप गाण्यापुढे त्याचा हा जोडीदार आकडा लिहून ठेवलाय.

जोडताना खर्जाकडे लक्ष द्या. 808 चा किक म्हणजे लांब गुंजणारा खर्ज, आणि असे दोन एकावर एक आले की नुसता चिखल होतो. नवं गाणं आत घेताना त्याचा लो, म्हणजे खर्जाचा नॉब, पूर्ण बंद, मग एका ठोक्यावर जुन्याचा लो बंद आणि नव्याचा चालू. अर्धा-अर्धा ठेवायचा मोह टाळा.

वर चढायला हे गणित सोपं पडतं, खाली उतरायला नाही. 130 वरून 90 वर येण्यासाठी मी बोलते. रेडिओची खरी गंमत इथेच. इलेक्ट्रोचं गाणं पूर्ण संपू द्यायचं, दोन सेकंद शांतता, मग कोरडा आवाज, मागे काहीही नाही. आठ-दहा सेकंद बोललात की ऐकणारा जुना वेग विसरतो, मग काहीही सुरू करा.

बोलण्याचंही माप असतं. चार बीटचा एक बार, म्हणून 96 बीपीएमला आठ बार म्हणजे बरोबर वीस सेकंद. 128 ला सोळा बार म्हणजे तीस. गाण्याची सुरुवात आठ बारांची असेल तर गायकानं तोंड उघडायच्या आधी तुमच्याकडे वीस सेकंद आहेत, आणि वीस सेकंदांत मराठीत घाई न करता चाळीस-पन्नास शब्द बसतात. नाव, साल, आणि त्या गाण्याबद्दल एकच गोष्ट. पहिलं वाक्य लिहून ठेवा, बाकीचं सुचू द्या. सगळं लिहिलंत तर बातम्या वाचल्यासारखं होतं. दर वेळी ‘तर मित्रांनो’ नको. आणि आपण बोलतो तसंच बोला. माईक समोर आला की माझ्या ओळखीतले कोपरखैरण्याचे पोरगेसुद्धा एकदम ब्रुकलिनचे होतात, ते ऐकवत नाही.

न्यूयॉर्कच्या डब्ल्यूबीएलएस स्टेशनवर ऐंशीच्या दशकात मिस्टर मॅजिक बोलायचा आणि मार्ली मार्ल वाजवायचा. दोन माणसं होती. आपण एकटे, म्हणून आवाज वेगळ्या ट्रॅकवर नंतर रेकॉर्ड करा. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये ऑटो डक म्हणून सोय आहे. आवाजाचा ट्रॅक संगीताच्या लगेच खाली ठेवायचा, संगीताचा ट्रॅक निवडून ती लावायची, की आवाज आला तिथे संगीत आपोआप दबतं. आठ-दहा डेसिबल पुरे. रॅपमधल्या शिव्यांचं काय, ते तुम्ही ठरवा. मी रेडिओ एडिट, म्हणजे शिव्या काढलेलं गाणं, घेते, कारण माझे मिक्स आई स्वयंपाक करताना लावते आणि तिला इंग्रजी चांगलं येतं.

रेकॉर्डिंग करताना मीटर लाल होऊ देऊ नका. सगळ्यात मोठा आवाजसुद्धा शून्याच्या खाली सहा डेसिबलवर थांबला तर नंतर हवा तसा वाढवता येतो. फाटलेला आवाज मात्र कुठल्याच बटणानं शिवता येत नाही. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी डोळा मारेल सांगता येत नाही.

मग परीक्षा. आधी फोनच्या स्पीकरवर. तिथे खर्ज येणारच नाही, पण किकची टकटक आणि तुमचा आवाज स्पष्ट आला पाहिजे. नंतर मी ठाण्याला जाऊन पनवेल गाडी पकडते. प्रवास जेमतेम तासाचा, मिक्सही तेवढाच. ऐरोली-रबाळ्यापर्यंत गर्दीचा गोंगाट, नेरुळच्या पुढे जरा निवांत, म्हणजे दोन्ही तऱ्हेचं ऐकणं एका तिकिटात होतं. डोळे खिडकीबाहेर, अंगठा व्हॉल्यूमच्या बटणावर. जिथे जिथे बटण दाबावंसं वाटलं, तिथलं मिनिट फोनमध्ये टिपायचं. आवाज वाढवावा लागला तर तिथे बोलणं पुसट आहे किंवा गाणं जुनं, मुळातच कमी आवाजाचं आहे. कमी करावा लागला तर नवं गाणं फार जोरात कापून आलंय. घरी येऊन फक्त त्या जागा दुरुस्त करायच्या. बाकीच्याला हात लावायचा नाही, नाहीतर मिक्स कधीच संपत नाही.

एका तासाची वेव्ह फाइल साधारण 635 एमबी होते, तीच 320 केबीपीएस एमपीथ्री केली की 144. मूळ वेव्ह हार्ड डिस्कवर ठेवा, एमपीथ्री चढवा. मिक्सक्लाउड या मिक्स ऐकवणाऱ्या साइटचे संगीत कंपन्यांशी परवान्याचे करार आहेत, त्यामुळे दुसऱ्यांची गाणी असलेला मिक्स तिथे टिकण्याची शक्यता जास्त. इतर ठिकाणी एखादं गाणं ओळखलं गेलं की अख्खा तास खाली उतरतो. ट्रॅकलिस्ट पूर्ण द्या: कलाकार, गाणं, साल. बोलणं मराठीत असलं तरी ट्रॅकलिस्टमधली नावं रोमन लिपीत लिहा, कारण इलेक्ट्रोवाल्या ‘इजिप्शियन लव्हर’चं नाव असं देवनागरीत टाइप करून शोधणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.