तोंडावर बोलणाऱ्या गिटारवादकाची स्मरणसभा: आधी वाद्य सुरात आणा

फोटोला हार कोणीही आणेल. पण इंदूरच्या दुआ सभागृहात दिवंगत वादकाचीच स्टील गिटार (आडवी ठेवून तारांवर धातूचा बार सरकवत वाजवायची ती) वाजवायची असेल, तर ती आठवडाभर आधी पेटीतून काढा.

गंजलेल्या तारा पुसत बसू नका, सहाही बदला. मात्र एकेक काढायची, लगेच नवी चढवायची. सगळ्या एकदम उतरवल्या की नटवर, म्हणजे मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीवर, तारा उचलायला बसवलेला उंच तुकडा निसटतो. तारा मानेवरच्या पट्टीपासून 8 ते 10 मिलिमीटर वर हव्यात, नाहीतर बार परद्यांवर, म्हणजे पट्टीवरच्या आडव्या धातूच्या रेघांवर, खडखडतो.

जाड तारेपासून डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी असं लावा. ही डी मेजर लावणी. ई मेजर नको, त्या लावणीत तीन तारा नेहमीच्या सुरापेक्षा वर ताणाव्या लागतात. जुन्या, चिकटवलेल्या घोडीला (खोक्यावर तारा जिथे अडकवतात तो तुकडा) तो ताण झेपेलच असं नाही, उचकटली की सभा बोंबलली. नव्या तारा दोन-तीन दिवस उतरत राहतात, रोज सुरात घ्या.

बार परद्याच्या बरोब्बर वर. साध्या गिटारसारखा मागे धरला तर सूर उतरलेलाच लागणार. बारच्या मागची बोटं तारांवर हलकी टेकवा, खरखर थांबते. माइक भोकासमोर नको, घुमतो. मान जिथे खोक्याला मिळते तिथे, वीतभर अंतरावर.

भाषणं तीन, प्रत्येकी पाच मिनिटं. ‘गिटारचा जादूगार’ वगैरे नको, त्यांनीच हाणून पाडलं असतं. कोणाला काय सुनावलं ते सांगा, घरच्यांना आधी विचारून.