फिशटँकला भोक पाडताना

आधी काच टफन्ड (तापवून, झटकन थंड करून कडक केलेली) नाही ना, हे बघा. टफन्ड काचेला ड्रिल लागलं की अख्ख्या काचेचा चुरा होतो, त्यावर उपाय नाही. लॅपटॉपचा स्क्रीन पांढरा करून काचेमागे धरा आणि पोलराइज्ड गॉगल फिरवत त्यातून पाहा. साधी काच एकसारखी काळवंडते, टफन्ड काचेत पट्टे किंवा डाग दिसतात. रेडिमेड टाक्यांचा तळ पुष्कळदा टफन्ड असतो. शंका असेल तर त्या काचेच्या वाटेला जाऊ नका.

भोकाचं माप पाइपावरून ठरवू नका. टँक कनेक्टर, म्हणजे भोकात बसवून पाइप जोडायचा तुकडा, त्याच्या आट्यांचा बाहेरचा व्यास मोजा आणि त्याहून १-२ मिमी मोठा डायमंड होल सॉ (ड्रिलला लावायची, कडेला हिऱ्याचे कण असलेली गोल करवत) घ्या. भोकाची कड काचेच्या कडेपासून निदान एका व्यासाइतकी लांब हवी. म्हणजे ४५ मिमीच्या भोकाचं केंद्र कडेपासून ६८ मिमीवर.

मागच्या काचेला भोक पाडायचं तर रिकामी टाकी थर्माकोलवर आडवी ठेवा, मागची काच वर. आत जाड टॉवेल अंथरा, नाहीतर कापलेली चकती पडून पुढची काच फोडेल. भोकाच्या जागी आतून मास्किंग टेपचे दोन-तीन थर द्या, कपचे कमी उडतात. वरून मुलांच्या क्लेचं आळं करून पाणी भरा. पाणी आहे म्हणून ड्रिल बॅटरीचाच घ्या. हॅमर मोड (ड्रिल ठोके देतो तो) बंद, डोळ्यांवर चष्मा.

सॉ सरळ टेकवला तर घसरतो. तिरका धरून चंद्रकोरीएवढी खाच पाडा, मग हळूहळू उभा करा. ४५ मिमीच्या सॉला मिनिटाला ४००-६०० फेरे पुरेत. दाबायचं नाही, ड्रिलचं वजन बास. डायमंड काच कापत नाही, घासतो. जोर लावला की फक्त उष्णता वाढते आणि तडा जातो. पाणी दुधासारखं झालं की काम नीट चाललंय. कोरडी पूड दिसली की थांबा, पाणी ओता.

बहुतेक काचा फुटतात त्या शेवटच्या मिलिमीटरात. आवाज बदलला की ड्रिल हातानं किंचित उचलून धरा. सहा मिमी काचेला पाच-दहा मिनिटं लागणारच.

ओल्या पॉलिश पेपरनं भोकाची धार बोथट करा, चिखल धुऊन काढा. कनेक्टरचं रबर फ्लँजच्या (रुंद कडेच्या) बाजूला, टाकीच्या आत. त्यावर सिलिकॉन लावू नका. नट हातानं आवळा, वर पाव फेरा. टाकी भरून खाली वर्तमानपत्र अंथरून २४ तास ठेवा. कागद ओला झाला तर नट अजून आवळण्याआधी रबराखाली काचेचा कण अडकलाय का, ते बघा.