लेझर पॉइंटर घेताना मिलिवॉटआधी नॅनोमीटर बघा

नॅनोमीटरचा आकडा म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी, त्यावरून रंग ठरतो. उजेडात आपला डोळा सर्वांत संवेदनशील असतो तो 555 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे पोपटी-हिरव्या रंगाला. म्हणून सारख्याच शक्तीचा (म्हणजे तेवढ्याच मिलिवॉटचा) 532 चा हिरवा ठिपका 650 च्या लालपेक्षा साधारण आठपट ठसठशीत दिसतो. लालच हवा असेल तर 635 चा घ्या. तो 650 च्या जवळपास दुप्पट उठून दिसतो. वर्गात दाखवायला तेवढा पुरे.

जांभळ्या 405 पासून मात्र जपून. भिंतीवर तो अगदी मिणमिणता वाटतो (पांढऱ्या कागदावर चमकतो, पण ती कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात घातलेल्या उजळक रसायनांची करामत), आणि ‘यात काय दम नाही’ म्हणून मुलं त्यात डोकावतात. डोळ्याला तो मंद दिसला, तरी डोळ्यात शिरणारी ऊर्जा कमी झालेली नसते. रंग कुठलाही असो, लेबलावर 5 मिलिवॉटपेक्षा जास्त आकडा दिसला तर ठेवून द्या.